डावीकडचा ब्रेक

माझ्या मिस्टरांचा आवाज कधी चढायचा नाही. शिकणाऱ्याच्या हातून भर रस्त्यात गाडी बंद पडली, मागे रिक्षावाल्यांनी हॉर्नचा कल्ला केला, तरी हे आपले शांतपणे म्हणायचे, "पडू द्या. बंद पडली म्हणजे कुणाला लागलं तर नाही ना? परत चालू करा."

आमचं लग्न झालं तेव्हा हे अंबरनाथच्या एका कारखान्यात मोठ्या साहेबांची गाडी चालवायचे. रविवारी कॉलनीच्या मैदानावर तिथल्या अधिकाऱ्यांना, कधी त्यांच्या बायकांना गाडी शिकवायचे. हौस म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कारखान्याला टाळं लागलं आणि यांची नोकरी गेली. मी बालवाडीत शिकवत होते, मुलगी लहान होती. तेव्हा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पमध्ये मोटार ट्रेनिंग स्कूल चालवणाऱ्या एका सिंधी शेठनी यांना बोलावून घेतलं. कपड्यांच्या दुकानांच्या मधे एक चिंचोळा गाळा, बाहेर लाल 'एल' लावलेली फियाट. त्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने पाय द्यायचा. हे त्या डाव्या सीटवर बसले आणि मला वाटलं, आता सगळं मार्गी लागलं.

एका संध्याकाळी शेठ स्वतः आमच्या चाळीत आले. नवीन कायदा झाला होता. गाडी शिकवायची तर दहावी पास पाहिजे, शिवाय मोटार मेकॅनिकचा सरकारमान्य कोर्स पाहिजे. हे आठवीतून शाळा सोडलेले.

शेठ चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "साईं, आप दसवीं कर लो. कोर्स कर लो. तब तक ऑफिस संभालो, गाड़ी की देखभाल करो. आपकी सीट मैं किसी और को पक्की नहीं दूँगा."

ते गेल्यावर हे बराच वेळ दारात उभे होते. मग म्हणाले, "तुझ्या बालवाडीत माझं नाव घालतेस का?"

आम्ही दोघं हसलो. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

ते वर्ष माझ्या संसारातलं सगळ्यात सुखाचं. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी आम्ही उठायचो. मी स्टोव्हवर चहा ठेवायची आणि हे पाटावर पुस्तक उघडून बसायचे. अभ्यासाला बसले की मला 'बाई' म्हणायचे. "बाई, हे समीकरण काही सुटत नाही." "बाई, आज डोकं दुखतंय, सुट्टी द्या." भूगोल मुलगी मोठ्याने वाचून दाखवायची आणि हे भाजी निवडत ऐकायचे. नद्यांची नावं त्यांना पटकन पाठ झाली. इंग्रजीने मात्र छळलं. 'क्लच', 'अ‍ॅक्सिलरेटर', 'रिव्हर्स' हे शब्द रोज तोंडात, पण स्पेलिंग लिहायची वेळ आली की पेन्सिल चावत बसायचे.

परीक्षेचं सेंटर उल्हासनगरच्या एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. गणवेशातल्या मुलांच्या रांगेत हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे. फाटकाजवळच्या शिक्षिकेने अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." यांनी खिशातून हॉल तिकीट काढून दाखवलं. बाईंनी ते वाचलं, यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला होत म्हणाल्या, "या, काका. बेस्ट लक." माझे डोळे भरून आले. हे मात्र मागे वळून माझ्याकडे बघत लहान मुलासारखा हात हलवत आत गेले.

निकालात इंग्रजी राहिलं. दोन दिवस यांनी पुस्तकांना हात लावला नाही. मग आपणच पुस्तक काढून बसले. ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि सुटले. त्या दिवशी शेठनी सगळ्या गल्लीत मिठाई वाटली.

मग मेकॅनिकचा कोर्स. शिकवणारे सर वयाने यांच्यापेक्षा लहान, पण यांनी त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. एकदा हात काळे करून घरी आले आणि दारातूनच सांगायला लागले, "अगं, इतकी वर्षं मी गिअर टाकतोय. आत काय होतं ते आज बघितलं. दातात दात कसे बसतात! मी लोकांना उगाच सांगायचो, गिअर हळू टाका म्हणून. आता कळलं का ते." त्यांच्या तोंडावरचा तो आनंद मी आजही विसरलेले नाही. मग त्यांनी वाफेने धूसर झालेल्या आमच्या खिडकीच्या काचेवर बोटाने मला गिअरबॉक्सचं चित्र काढून दाखवलं. मला काही समजलं नाही. मी मान हलवत राहिले.

कोर्स झाला, आरटीओतल्या साहेबांनी प्रश्न विचारले, गाडी चालवून घेतली आणि यांचं नाव इन्स्ट्रक्टर म्हणून नोंदलं गेलं. शेठनी सर्टिफिकेट फ्रेम करून गाळ्यात गणपती आणि झुलेलालच्या मधे लावलं. "अब कोई पूछे तो दीवार दिखा देना," ते म्हणाले. शिकायला येणारे यांना आता 'सर' म्हणू लागले. बायका तर मुद्दाम यांच्याकडेच यायच्या. घाबरणारी बाई असली की शेठ सांगायचे, "सर के साथ जाओ, बहन. कुछ नहीं होगा."

त्याच बायकांमधल्या एक होत्या अंबरनाथच्या एका अधिकाऱ्याच्या मिसेस. हे त्यांना ताई म्हणायचे. वय पस्तिशीचं असेल. नवरा सारखा फिरतीवर, सासूला दवाखान्यात न्यावं लागायचं म्हणून त्यांना गाडी शिकायची होती. एकदा घरी येऊन मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या मिस्टरांमुळे माझी भीती गेली हो." त्यांचा लायसनचा दिवस जवळ आला होता.

सकाळची वेळ. अंबरनाथहून बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, चिखलोलीच्या अलीकडे. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या, दोन्ही बाजूंना शेतं. मागून एक ट्रक हॉर्न देत अंगावर येऊ लागला. ताई बावरल्या. ट्रक किती जवळ आलाय ते बघायला यांनी मान मागे वळवली. एवढंच. ताईंनी गाडी बाजूला घेतली आणि ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. हे वळले, दोन्ही पाय रोवून ब्रेक दाबला, गाडी थांबलीसुद्धा. पण रस्त्याच्या कडेने एक म्हातारी डोक्यावर शिराळ्यांची टोपली घेऊन बदलापूरच्या बाजाराला निघाली होती. गाडीचा धक्का तिला लागून गेला होता.

यांनीच तिला उचललं. मागच्या सीटवर ताईंच्या मांडीवर तिचं डोकं ठेवलं आणि स्वतः गाडी हाणत दवाखान्यात नेली. वाटेत म्हातारी शुद्धीवर होती. ती म्हणत होती, "पोरा, माजी टोपली तितंच रायली रं. कुनीतरी न्येल." हे पुन्हा पुन्हा सांगत होते, "आणतो मावशी. मी आणतो."

तिला डॉक्टरांच्या ताब्यात दिल्यावर हे खरोखरच परत गेले. टोपली तिथेच पडली होती. शिराळी गोळा केली, टोपली घेऊन दवाखान्यात आले आणि तिच्या खाटेखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी गेली.

पोलीस चौकीत ताईंनी सगळं खरं सांगायची तयारी दाखवली होती. मी तिथे बाकावर बसले होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या रडत म्हणाल्या, "माझा पाय होता. मी सांगते तसं."

हे म्हणाले, "ताई, तुम्ही शिकायला आला होतात. शिकणारा चुकणारच. ती चूक अडवायला मला तिथे बसवलं होतं."

"पण तुम्ही तर ब्रेक दाबला ना!"

"उशिरा दाबला," हे म्हणाले.

कायदाही तेच म्हणत होता. शेजारी शिकवणारा बसला असला की जबाबदारी त्याची. केस यांच्यावर झाली.

म्हातारीचे दिवस झाल्यावर हे तिच्या घरी जायला निघाले. मी म्हटलं, "मी येते." गावाच्या टोकाला घर होतं, अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. म्हातारीचा मुलगा बाहेर आला. हे वाकून त्याच्या पाया पडायला गेले, तेव्हा त्याने यांचे दंड धरून उभं केलं. शिवी नाही, राग नाही. आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.  मग तोच बोलला.

"तुमी काय मुद्दाम नाय केलं. मना समजतं. डॉक्टरनी सांगितलं, तुमी कसं धावलात ते."

हे म्हणाले, "काहीही लागलं तर मला सांगा. मी येत जाईन."

तो खाली बघत म्हणाला, "नको, दादा. येऊ नका. तुमाला बघितलं का पोरी रडतान. आजीची आठवन येते त्यांना."

आम्ही उठलो. वाटेत शेताच्या बांधावर हे खाली बसले आणि ढसाढसा रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहत होते. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या घडीला वाटलं. कुठेतरी काहीतरी मोकळं झालं असतं.

केस बरीच लांबली. शेवटी निकाल लागला तो आमच्या बाजूने. म्हातारीच्या मुलाने कोर्टात उभं राहून सांगितलं की हा अपघात होता, या माणसाने आईला वाचवायची धडपड केली. यांचं लायसन शाबूत राहिलं, सर्टिफिकेटही. शेठ कोर्टाच्या पायऱ्यांवर यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साईं, बस हो गया. गाड़ी खड़ी है. सोमवार से आ जाओ."

मीही तेच म्हटलं. माझा जीव हलका झाला होता. सोमवारी मी डबा करून दिला, पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला. हे गेले.

पुढे काय झालं ते मला शेठनी सांगितलं, यांनी नाही. त्या दिवशी कॉलेजातली एक मुलगी शिकायला आली होती. कॅम्पातल्या गर्दीतून शेठनी स्वतः गाडी बाहेर काढून मोकळ्या मैदानावर नेली, मग हे डावीकडे बसले. मुलीने गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. असं किती तरी वेळा झालं. मुलगी रडकुंडीला आली. "सर, माझं काय चुकतंय?"

चुकत तिचं काहीच नव्हतं. यांचा पाय डावीकडच्या ब्रेकवर होता. घट्ट रोवलेला. शेठनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर, पैर उठाओ."

हे म्हणाले, "उठत नाही, शेठ."

दार उघडून शेठनी त्यांना हाताला धरून उतरवलं. त्यानंतर हे त्या सीटवर बसले नाहीत.

मी खूप समजावलं. माझ्या बालवाडीतल्या मुलांशी बोलावं तसं बोलले, भांडले, देवाची शपथ घातली. एकदा मी चिडून म्हणाले, "पहाटे उठून एवढा अभ्यास केलात तो कशासाठी?"  हे म्हणाले, "बाई, हा पेपर मला सुटत नाही." त्या शब्दानंतर मी पुन्हा विषय काढला नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

कॅम्पातच एका गॅरेजमध्ये ते लागले. कोर्समध्ये शिकलेलं कामाला आलं. इंजिन खोलायचे, गिअरबॉक्स उतरवायचे, दिवसभर गाड्यांखाली पडून असायचे. गाडी दुरुस्त झाली की ती चालवून बघायला दुसऱ्या कुणाला तरी बसवायचे. अंबरनाथहून शेअर रिक्षाने जायचे आणि यायचे. रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली तर ती सोडून पुढच्या रिक्षासाठी थांबायचे.

काही वर्षांनी ताई घरी आल्या. केस थोडे पांढरे झाले होते. सासू वारली होती. त्यांनी गाडी पुन्हा कधी हातात घेतली नव्हती. मी चहा केला. कप तसेच समोर राहिले. मग यांनीच विचारलं, "ताई, शिकलात का पुढे?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"शिका हो. दुसऱ्या कुणाकडे शिका. तुमचा हात चांगला होता."

"हात चांगला असेल, सर," ताई म्हणाल्या. "पायावर भरवसा नाही राहिला."

 यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग कप उचलून चहा पिऊ लागले. चहा केव्हाच गार झाला होता. ताई निघाल्या तेव्हा हे त्यांना सोडायला चाळीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मी दारातून बघत होते. दोघं रस्ता ओलांडायला उभे होते. गाड्या जात होत्या, मधे चांगली मोकळी जागाही मिळत होती. पण दोघांतलं कुणीच पाऊल उचलत नव्हतं. शेवटी मीच चप्पल घालून गेले आणि दोघांचे हात धरून त्यांना पलीकडे नेलं.