नजमाचा सवार

घोडदळात सतरा वर्षं काढून मी दफेदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि १९९० च्या जूनमध्ये रियाधबाहेरच्या एका खाजगी तबेल्यावर हजर झालो. काम घोडे शिकवण्याचं. ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. आमच्या कँपातले निम्मे लोक तिकिटांच्या मागे लागले. मी राहिलो. घाबरून परत आलेल्या फौजीनं गावाला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार तेव्हा केला.

तबेल्याचा मॅनेजर इंग्रज होता, त्यांच्या सैन्यातला रिटायर्ड मेजर. जानेवारीत पहिली क्रॉस-कंट्री हंटर ट्रायल घ्यायची, असं त्यानं ठरवलं. मोकळ्या वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, दोन मैलांची वाट आखायची. वाटेत खजुराचे ओंडके, चर, दगडी बांध, तेलाची पिंपं. घोड्यानं न अडता सगळं ओलांडायचं. मी जोडीच्या प्रकारात नाव दिलं. त्यात दोन सवार बरोबर सुटतात, आणि घड्याळ थांबतं ते दुसरा घोडा पोचल्यावर. पुढच्यानं एकट्यानं कितीही पळवलं तरी उपयोग नाही.

माझा जोडीदार सलीम. श्रीवर्धनकडचा, घरचे सगळे खलाशी. आधी रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामात पेट्या उचलायचा, नंतर आमच्याकडे मोतद्दार म्हणून आला. खरारा करता करता नजमा नावाच्या तांबड्या घोडीनं त्याला आपला मानलं. ती दुसऱ्या कुणाला पाठीवर धड बसू देत नसे. म्हणून मी त्याला शिकवायला घेतलं.

"टाचा खाली! वल्हं मारतोयस काय?"

"साहेब, आमच्या सात पिढ्या बोटीवर. मी पहिलाच घोड्यावर."

"ते सांगायला नको. दिसतंय."

"तुम्हा सातारकरांना घोडा म्हणजे घाटातली एसटी. सारखा गिअर आणि ब्रेक. लाट आली की होडी आपली आपण चढते. आपण फक्त बूड सोडायचं नाही."

"आधी बूड टेकव. मग लाटेचं बोल."

सहा वेळा पडला त्या पहिल्या आठवड्यात. दर वेळी उठून आधी घोडीचे पाय तपासायचा, मग स्वतःचे. असा रिक्रूट मला पलटणीतही क्वचित मिळाला.

ट्रायल त्याच्यासाठी खेळ नव्हता. मोतद्दाराच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायकोमुलांना आणता येत नसे. रायडिंग इन्स्ट्रक्टरला येत असे. मेजरनं कफीलशी, म्हणजे आमचा परवाना काढणाऱ्या मालकाशी, बोलून घेतलं होतं. सलीमनं वाट न अडता पूर्ण केली, तर त्याचा हुद्दा बदलायचा. त्याची बायको जुबेदा आणि तीन वर्षांची रुबीना गावी होत्या. पोरीला त्यानं पाहिलंच नव्हतं.

"फोटोला सलाम करते म्हणे," तो एकदा सांगत होता. "फोटो जवाब देत नाही म्हणून रुसते."

मी त्याला पलटणीच्या पद्धतीनंच तयार केलं. आधी घोड्याचं पाणी, मग आपलं. घोड्यांना पलटणीसारखंच सगळ्याची सवय लावली. डबे वाजवले, झेंडे फडकावले, कानाजवळ फटाके उडवले. आणि एक नियम रोज घोकून घेतला. गडबड झाली की सवार घोड्याच्या तोंडाशी उभा राहतो. हुकूम एकच, 'घोड्यांपाशी!' हुकूम ऐकला की हातातलं टाकून धावायचं. डिसेंबरअखेर सलीम झोपेतून उठूनही धावला असता. मला त्याचा अभिमान वाटत होता.

जानेवारीत लढाई सुरू झाली. मेजरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ट्रायल पोस्टपोन्ड. नॉट कॅन्सल्ड." गॅस मास्क वाटले. खाण्याच्या खोलीच्या खिडक्या टेप लावून बंद केल्या. त्याची स्टँडिंग ऑर्डर साधी होती. सायरन झाला की मास्क लावा, खोलीत या. घोडे जागेवर राहतील.

आम्ही सराव सोडला नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सलीम आणि नजमानं पूर्ण वाट पहिल्यांदा न अडता केली. मेजर वॉकी-टॉकीवर ऐकत होता. शेवटच्या बांधावरून मी रिपोर्ट दिला, "बोथ हॉर्सेस क्लिअर. ओव्हर." पलीकडून उत्तर आलं, "अबाउट टाइम. आउट." सलीम दिवसभर भेटेल त्याला अबाउट टाइम म्हणत हिंडत होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज होऊन गेल्यावर सायरन वाजला. लोक मास्क चढवत खोलीकडे निघाले. तेवढ्यात शहराच्या बाजूला इराकी क्षेपणास्त्र पाडण्यासाठी पहिला मारा झाला. जमीन हादरली. तबेल्यात घोडे दारांवर लाथा मारू लागले. माझ्या तोंडून सतरा वर्षांची सवय निघाली.

"मास्क लावा! घोड्यांपाशी!"

मेजर खोलीच्या दारातून ओरडला, "दफेदार! इनसाइड!" मी ऐकलं. थांबलो नाही. चार माणसं माझ्या मागे आली. सलीम सगळ्यात पुढे.

डबे, झेंडे, फटाके, सगळ्याची सवय लावली होती. मास्कची लावली नव्हती. काळ्या रबराचं तोंड, काचेचे डोळे, आतून येणारा घोगरा आवाज. मी माझ्या घोड्याच्या, अदहमच्या तोंडाशी गेलो तसा तो मागे सरकला, पण तो म्हातारा आणि शांत घोडा. नजमा तशी नव्हती. शेजारच्या खणात लाकूड कडकडलं. मग सलीमचा आवाज आला, उघड्या तोंडाचा. त्यानं मास्क काढला होता.

"बस, बस, नजमा. मीच आहे ना. बस."

घोडी शांत झाली. ऑल क्लिअर होईपर्यंत तो तसाच बोलत राहिला. मी गेलो तेव्हा तो तिच्या तोंडाशी उभा होता, एक हात तिच्या मानेवर, दुसरा स्वतःच्या बरगड्यांवर.

"काय झालं?"

"ओळखलं नाही तिनं. भिंतीला दाबलं. जरा दुखतंय."

"बस खाली."

"आधी तिला बघा साहेब. पाय बघा."

मी घोडीचे पाय बघितले. एकाही घोड्याला ओरखडा नव्हता. सलीमला मेजरनं स्वतःच्या गाडीतून नेलं. आत रक्तस्राव झाला होता. सकाळी तो गेला. त्याला तिथेच दफन केलं. मेजर मला हुकमाबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये ट्रायल झाली. मी मेजरकडे गेलो आणि म्हणालो, नजमाला हातात धरून वाट करतो. नियमात बसत नाही, तो म्हणाला. निकालासाठी करत नाही, मी म्हणालो. त्यानं शेवटचा नंबर दिला. मी अदहमवर, नजमाची रास माझ्या उजव्या हातात, खोगीर रिकामं. ओंडके आणि पिंपं तिनं बरोबरीनं घेतली. मोठ्या चरापाशी मला रास सोडावी लागली. ती पळून जाईल असं वाटलं. तिनं चर एकटीनं ओलांडला आणि पुढे चालीवर येऊन माझी वाट बघत राहिली. शेवटच्या बांधावर दोन्ही घोडे एकदमच आले. चौकीवरच्या माणसानं वॉकी-टॉकीवर विचारलं, काय लिहू? मेजरचं उत्तर मी ऐकलं. "क्लिअर लिहा."

सुट्टीवर आलो तेव्हा श्रीवर्धनकडे गेलो. जुबेदानं मला ओटीवर बसवलं. रुबीना खांबाआडून बघत होती.

"अब्बा घोड्यावरून पडला?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तो उभा होता."

मग जुबेदाला म्हणालो, "वहिनी, हुकूम माझा होता. मेजरसाहेब आत बोलावत होते. मी सलीमला बाहेर नेलं."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं फक्त विचारलं, "घोडी वाचली?"

"वाचली."

"मग त्यांनी काम नीट केलं," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन आत गेली.

दर वर्षी आमच्या पलटणीच्या दिवशी आम्ही जुने लोक जमतो. गेलेल्यांची नावं वाचली जातात. नंबर, हुद्दा, नाव. सगळे सावधानमध्ये उभे असतात. वाचणारा थांबला की मी मनात आणखी एक वाचतो. नंबर नाही. सवार सलीम.