सुजलेल्या हातातल्या बांगड्या
खोबरेल तेलाचा वास आला की मले बायकोचा सुजलेला हात आठवते. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन अन् किरणांचा शेक झाल्यावर काखेतला व्रण टणक झाला, हात बोटांपर्यंत सुजला. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं सूज उतरवायले तांबड्या उजेडाची मशीन घरीच लावायले सांगितली. पण मनगटात हिरव्या बांगड्या रुतलेल्या. "काढ वं," म्हटलं. "तुम्ही जिते असताना?" माझं डोकं फिरलं. "जिता आहो म्हणूनच सांगून राहिलो ना!" तेल लावून मीच ओढल्या, एकही सरकली नाही. शेवटी तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं अन् हात पुढे केला. "तोडा. पण दुसऱ्या हातातल्याईले हात लावू नका." पकडीनं एकेक तोडली. आता सूज बरीच उतरली, तरी माझा राग उतरत नाही. रोज मशीन धरून बसणाऱ्या नवऱ्यापेक्षा तिले काचेचाच भरोसा जास्त.