टेक्लामाईचा बाप

ईलिंका मठात गेली त्या दिवशी तोआदेरनं तिची खाट अंगणात आणून कुऱ्हाडीनं फोडली. "आजपासून आपल्याला पोर नाही," त्यानं बायकोला, अग्लायाला बजावलं. एकुलती एक लेक, लग्न ठरलेलं, आणि ती डोंगरापलीकडच्या जुन्या मठात जाऊन नन झाली. तिथं तिचं नावही बदललं. टेक्लामाई.

अग्लाया दर वर्षी मारियामातेच्या सणाला मठात जायची. घरी सांगायची, बहिणीकडे चालले. ती पिशवीत आलुबुखाराचा मुरांबा भरायला लागली की तोआदेर गोठ्याकडे निघून जायचा. परत आल्यावर एवढंच विचारायचा, "बहीण बरी आहे का?"

"बरी आहे. जरा वाळलीय."

मग तो त्या दिवशी नीट जेवायचा नाही.

पुढं तोआदेरच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, नजर अधू झाली, आणि मधली सगळी वर्षं डोक्यातून कुणी खरवडून काढावीत तशी गेली. एका सकाळी अग्लाया त्याला मक्याचा सांजा भरवत होती, तेव्हा तो म्हणाला, "अगं, पोरीला घेऊन येऊ या. फार दिवस राहिली तिकडं."

अग्लायानं चमचा खाली ठेवला आणि शेजारच्या गेरासिमला गाडी काढायला सांगितली.

"काका, मिश्या तरी विंचरा," गेरासिम त्याला गाडीत बसवताना म्हणाला. "नाहीतर सैतान आला म्हणून मठातल्या माई दार लावून घेतील."

"तुझा हा खटारा बघूनच लावतील," तोआदेर म्हणाला. किती तरी दिवसांनी तो हसला होता.

मठाच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या रंगात संत रंगवलेले होते. उत्तरेकडचे पावसानं धुऊन गेले होते. अग्लायानं त्याला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि फाटकावरच्या ननजवळ निरोप दिला. थोड्या वेळानं टेक्ला मळ्यातलं काम टाकून आली. काळा झगा, कपाळापर्यंत काळं फडकं, हातात तबक, त्यात पाण्याचा पेला आणि वाटीभर मुरांबा. बापाला बघून तिनं तबक बाकावर ठेवलं.

ती वाकली. ती बोलायच्या आत तोआदेरनं डाव्या हातानं तिचा हात ओढून घेतला आणि रीतीप्रमाणे त्याचं चुंबन घेतलं. "देव भलं करो, माई."

"बाबा, मीच आहे. ईलिंका."

तो समजूतदारपणे हसला. "नाही हो माई. आमच्या ईलिंकाची वेणी कमरेपर्यंत आहे. आणि ती अशी हळूहळू येत नाही, धावत येते." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुम्हाला भेटली तर सांगाल? म्हणावं, बाप रागावलेला नाही. खाट मोडली खरी, पण नवी करून देतो."

"अहो, नीट बघा तरी!" अग्लायानं त्याचा खांदा हलवला. तो घाबरून इकडंतिकडं बघायला लागला.

"असू दे, आई," टेक्ला म्हणाली. ती त्याच्याशेजारी बसली. "सांगते हं, बाबा. नक्की सांगते." आणि चमच्यानं त्याला मुरांबा भरवू लागली.

संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी घंटेऐवजी ठोकतात ती लाकडी फळी वाजेपर्यंत तो फाटकाकडं डोळे लावून बसला. "आज काही येत नाही ती. कामात असेल," असं म्हणून स्वतःच उठला.

गाडीत तो म्हणाला, "ती माई गुणाची वाटली. हात मात्र आपल्यासारखे, कुदळीनं घट्टे पडलेले. कुणाची पोर असेल गं?"

"असेल कुणा शेतकऱ्याची," अग्लाया म्हणाली.

ईस्टरच्या आधीच्या उपवासात तोआदेर गेला. टेक्ला एका थोरल्या माईबरोबर आली. थडग्यापाशी तिनं सगळी प्रार्थना न अडखळता म्हटली. दुपारी सगळे पांगल्यावर मायलेकी भांडी घासत होत्या.

"राहा की आजची रात्र."

"संध्याकाळपर्यंतचीच परवानगी आहे, आई."

"त्यांच्यावर राग नाही ना तुझा? शेवटी तरी माफ केलं त्यांनी तुला."

टेक्लानं हातातली थाळी पुसून ठेवली. "ईलिंकाला माफ केलं, आई. मला त्यांनी बघितलंच नाही."

बाहेर गेरासिमनं गाडीचा भोंगा वाजवला.  अग्लायानं उरलेला गोड पाव फडक्यात बांधला आणि लेकीच्या हातात दिला.