घुशीपुरता जोर

एरंडोलच्या बाजारात हसीनाबीची पत्र्याची टपरी आहे. आत एक लाकडी घडवंची, लोखंड घट्ट धरायचा एक शिकंजा, तेलाच्या दोन बाटल्या आणि भिंतीला टेकवलेल्या सात-आठ छऱ्याच्या बंदुका. जत्रेत फुगे फोडायला लावतात, त्याच. पद्मालयाच्या जत्रेपासून लांबलांबच्या उरुसांपर्यंत फुगेवाले आपल्या बंदुका दुरुस्तीला तिच्याकडे आणतात. हे काम ती अब्बांकडून शिकली. नवरा चांद टेम्पोवर असतो. बंदुकीतलं त्याला काही कळत नाही आणि तसं तो उघड सांगतोही.

फुग्याच्या बंदुकीचं एक गुपित असतं. तिची स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे छर्रा फळीवर आपटून माघारी कुणाच्या डोळ्यात जात नाही. हसीनाबी स्वतः पक्कडीने स्प्रिंगचे दोन वेढे कापून बंदुका मऊ करायची. आपल्या या कामाचा तिला अभिमान होता. तीस वर्षांत तिच्या बंदुकीने कुणाला ओरखडाही आला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात, रविवारच्या बाजाराला, चुडामण आबा टपरीवर आले. साठी ओलांडलेले, केळीवाले शेतकरी. बागेत घुशींनी उच्छाद मांडला होता. ठिबकच्या नळ्या कुरतडायच्या, केळीच्या बुंध्याखाली बिळं करायच्या, मग घडासकट झाड आडवं.

"बठ्ठ्या नळ्या कुरतडी टाक्यात," आबा म्हणाले. "पिंजरा लावा, त्यामा एक बी येत नही. औषध टाकं, ते मेलेली घूस खाईसन मना कुत्रा गया. आते औषध नको. एखादी बंदूक दे."

"आबा, या फुग्याच्या आहेत. जनावराच्या कामाच्या नाहीत."

"अव्हढुशी घूस, तिले काय तोफ लागस?"

टपरीपुढे गर्दी होती, दोन फुगेवाले खोळंबले होते. हसीनाबीने वाद घातला नाही. एक बंदूक आणि छऱ्यांची डबी तिने आबांच्या हातात दिली.

बुधवारी सकाळी आबांच्या बायकोचा, प्रमिलाबाईंचा फोन आला. "बाई, तू ये. माले देखवत नही."

काय झालं असेल, ते हसीनाबीने ओळखलं. मागच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली अब्बांची स्वतःची बंदूक होती. परवाना लागत नाही अशातलीच, पण तिची स्प्रिंग कधी कुणी कापली नव्हती. ती बरोबर घेऊन हसीनाबी रिक्षाने मळ्यात पोचली.

पंपाच्या खोलीमागे, ओल्या चिखलात घूस पडली होती. छर्रा कमरेत बसून आतच अडकला होता. मागचे दोन्ही पाय निकामी. पुढच्या पायांनी ती हातभर सरकायची, थांबायची, दात विचकायची. सरकल्याची लांब खूण चिखलात उमटली होती.

"कालधरी तशीच शे," प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मरत बी नही, जगत बी नही."

आबा मान खाली घालून उभे होते. "तीन छर्रे मारात. काठी घेवाले गऊ, ते हात उचलायना नही."

हसीनाबीने बंदुकीची नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरला. चिखलात गुडघे टेकले, नळी घुशीच्या डोक्याजवळ, डोळा आणि कान यांच्या मधोमध नेली आणि घोडा दाबला. घूस एकदा ताठ झाली आणि निपचित पडली.

हसीनाबी चिखलात तशीच गुडघ्यांवर होती. जत्रेत माणूस जपावा म्हणून कापलेले ते दोन वेढे तिला दिसत होते. ज्या हाताने ते कापले, त्याच हाताने तिने बंदूक दिली होती.

"चूक माझी आहे, आबा," ती उठत म्हणाली. "मला माहीत होतं आणि मी दिली."

"मी मांगी म्हणीसन तू दिधी," आबा म्हणाले.

तिने प्रमिलाबाईंकडून कपडे धुवायच्या साबणाच्या दोन वड्या मागितल्या. बांधावर वडी उभी केली, पंधरा पावलं मोजली. फुग्याच्या बंदुकीचा छर्रा वडीत नखभर शिरून अडकला. अब्बांच्या बंदुकीचा छर्रा दुसरी वडी भेदून मागच्या मातीत गेला.

"घुशीचं कातडं जाड, हाडं टणक," ती म्हणाली. "एका छऱ्यात जीव जाईल एवढा जोर हवा. आणि नुसत्या जोराने भागत नाही. पंधरा पावलांच्या पुढे मारायचं नाही, मागे मातीचा बांध असल्याशिवाय मारायचं नाही. कागदावर रुपयाएवढा गोल काढा. पाचही छर्रे त्यात बसले तरच जनावरावर नळी धरायची."

अब्बांची बंदूक तिने मळ्यात ठेवली आणि फुग्याची परत नेली. आबांनी आठ दिवस सराव केला. कागदाची चाळण झाली, पण गोलात दोनाच्या वर छर्रे कधी बसले नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता; ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी हसीनाबी बघायला आली, तेव्हा आबा चिडून पुन्हा छर्रा भरत होते.

प्रमिलाबाई पुढे आल्या. "तुम्हले आते दिसत नही. माले द्या."

आयुष्यभर सुईत दोरा ओवणारा, वाती वळणारा तो हात. हसीनाबीने खांद्याला दस्ता कसा लावायचा, श्वास कधी रोखायचा, ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी पाचही छर्रे गोलात बसले. तरी बिळासमोर बसायची वेळ आली, तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, "मना हातनं जीव जाई, बाई."

"जाईल, अक्का. मी खोटं सांगणार नाही. पण तो सरपटत नाही जाणार."

सकाळच्या उन्हात दोघी तासभर गप्प बसल्या. घूस बाहेर आली, आडवी वळली. प्रमिलाबाईंनी श्वास रोखला. छर्रा सुटला आणि घूस जागेवरच कोसळली. पायसुद्धा झाडले नाहीत. प्रमिलाबाईंनी बंदूक हळूच खाली ठेवली, खड्डा खणून घूस पुरली आणि पाटाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले. दुपारी त्या जेवल्या नाहीत.

महिनाभरात अकरा घुशी गेल्या. दोनदा नेम पक्का वाटला नाही म्हणून प्रमिलाबाईंनी घोडा दाबलाच नाही. केळी सावरल्या. आबांनी धुळ्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पण प्रमिलाबाईंकडून बंदूक परत मागितली नाही.

हसीनाबी आता फुग्याची बंदूक शेतावर देत नाही. मार्चमध्ये धुळ्याकडचा एक बागायतदार गाडी घेऊन आला. रानडुकरांनी मका लोळवला होता.

"स्प्रिंग पाहिजे तेवढी कडक करून द्या," तो म्हणाला.

"कितीही कडक केली तरी डुक्कर मरणार नाही, भाऊ. अंगात छर्रे घेऊन महिनाभर कुजत फिरेल. त्याचा बंदोबस्त वनखात्याच्या परवानगीने, मोठ्या बंदुकीचा परवाना असलेला माणूसच करतो. तिकडे अर्ज करा."

"दुसरीकडून घेईन मी."

"घ्याल. ते मला थांबवता येणार नाही. पण इथून मिळणार नाही."

तो गाडीत बसून रागाने निघून गेला. अर्ज कुठे करायचा ते सांगायला हसीनाबीने त्याला हाक मारली, पण गाडी तोवर वळली होती.