शांतवनरावांचा विसावा

शांतवन साळवे लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, राहायला इंदापुरात. पण 'काय करता?' असं कुणी विचारलं की ते आधी चर्चच्या मंडळीचं सांगायचे. रविवारी उपासनेत पेटी वाजवायची, मग मुलांची शब्बाथशाळा घ्यायची, दुपारी मोटारसायकल काढून गावोगावच्या घरी प्रार्थनेला जायचं. प्रत्येक घरी चहा. साखर सढळ, वर शिरा.

चहाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. त्यांच्या वडलांना तरुणपणी कित्येक दारांत चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, अंगणात. आता माणसं घरात बोलावून, खुर्ची पुसून बसवत होती. अशा हातचा कप परत कसा करायचा?

मार्चमधल्या एका रविवारी निरवांगीत आनंद गायकवाडांच्या घरी प्रार्थना होती. त्या दिवशीचं चौथं घर. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, या घरावर..." म्हणून शांतवनराव थांबले. लोकांना वाटलं, मन भरून आलं असेल. पाच मिनिटं गेली. कुणी डोळे उघडेना. मग बारीक घोरणं ऐकू आलं.

हसू आवरत आनंदनं त्यांना हलवलं, पण त्यांना समोरचं धड दिसेना. हात घामानं ओले झाले होते. आनंदनं त्यांना गाडीवर बसू दिलं नाही. आधी इंदापुरात जाऊन त्यांच्या पत्नीला, मालतीबाईंना घेतलं आणि आपल्या जीपमधून दोघांना बारामतीला दवाखान्यात नेलं. साखर तीनशेच्या वर निघाली.

"झोपता किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चार-पाच तास."

"चालणं?"

"गाडी हाय की."

"आणि आठवड्याची सुट्टी?"

मालतीबाई मध्येच म्हणाल्या, "सुट्टीलाच तर जास्त पळत्यात."

घरी आल्यावर त्यांनी ज्वारीची भाकरी आणि मेथी वाढली आणि समोर बसल्या. "देवानं सुदिक सातव्या दिवशी विसावा घेतला. तुमी त्याच्या वरचे हाय का?"

"पण मी न्हाय गेलो तर..."

"जातील की दुसरी. मंडळी काय तुमची एकट्याची हाय?"

शांतवनराव दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी मात्र पाळकसाहेबांकडे जाऊन कामं वाटून दिली. शब्बाथशाळा आणि पेटी आसावरीकडं. ती शाळेत संगीत शिकवायची. निरवांगीकडची घरं आनंदकडं.

पहिल्या रविवारी दुपारभर ते फोन हातात धरून बसले. कुणाचाच फोन आला नाही. सोमवारी आनंद भेटला तर म्हणाला, "काका, प्रार्थना झ्याक झाली!" शांतवनराव हसले, पण आत कुठंतरी टोचलं. संध्याकाळी बायकोला म्हणाले, "माझ्याबिगर अडतंय असं वाटायचं मला. ते बरं बी वाटायचं." मालतीबाई उठल्या. चपला घातल्या आणि त्यांना फिरायला घेऊन गेल्या.

पळसदेवच्या कौसल्या आजींचं घर मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या त्या. तिथं चहा नको म्हणताना त्यांची जीभ अडखळली.

"माझ्या हातचा नको व्हय?" आजींचा आवाज चढला.

"तसं न्हाय आजी. साखर झालीया मला."

"मग आदी सांगायचं न्हाय का! मला बी हाय. सून देत न्हाय. तू आलास की तुझ्या निमतानं मला बी घोटभर मिळायचा."

दोघंही पोट धरून हसली. मग आजींनी काठी घेतली आणि दोघं हळूहळू धरणाच्या पाण्यापर्यंत चालत गेली. प्रार्थना तिथंच काठावर झाली. समोर बगळे आणि मासे धरणाऱ्यांच्या होड्या होत्या. पुढं हाच रिवाज पडला.

पावसाळा सरता सरता साखर दीडशेवर आली. कधी कधी कारखान्यात कुणाचा पेढा त्यांच्या तोंडात जातो. तसं झालं की ते घरी सांगून टाकतात.

एका रविवारी उपासनेत शांतवनराव मालतीबाईंच्या शेजारी, मागच्या बाकावर बसले होते. अठरा वर्षं ते पुढं, लोकांकडं पाठ करून, पेटीवर असायचे. आसावरीनं सूर धरला, सगळे उभे राहिले आणि शेजारून स्वच्छ, उंच आवाज आला. त्यांनी चमकून पाहिलं.

"तुला इतकं वर जाता येतं?" ते कुजबुजले.

"लग्नापास्नं गातीया," मालतीबाई म्हणाल्या आणि पुढचं कडवं उचललं. शांतवनरावांनी आपला आवाज थोडा खाली आणला आणि ते तिच्यासोबत गाऊ लागले.