पूर्ण नाव विचारा आणि थांबा

"नुसतं नाव नको हो सर. पूर्ण नाव काय तुमचं?"

मुलुंडच्या एका टॉवरचं क्लबहाऊस. रविवार सकाळ. समोर सात-आठ वर्षांची दहा पोरं, प्रत्येकाचा घरून आणलेला लॅपटॉप. माझ्याजवळ त्यातल्या आरवची आजी चहाचा कप घेऊन उभी. कप माझ्यासाठी होता, पण अजून तिच्याच हातात होता. आधी आडनाव, मग चहा.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं, "मालवणकर."

ह्याला कारण आहे. कारण आहे म्हणून मी सुटलो, असं नाही. आदल्या वर्षी घाटकोपरच्या एका सोसायटीत मला असंच विचारलं होतं. मी खरं सांगितलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "असं होय. बरं, बरं." पुढच्या रविवारी बारातली तीन पोरं आली. बाकीच्यांना म्हणे स्विमिंग लावलं होतं. एका आठवड्यात अख्ख्या सोसायटीला पोहायचं वेड लागलं. तेव्हापासून माझ्या कोडिंग क्लासच्या जाहिरातीवर मी नुसतं पहिलं नाव लिहायचो आणि पुढे 'सर'.

पण खोटं बोलायलाही अक्कल लागते. आमचं मूळ गाव बुलढाण्याकडचं. मढच्या किनाऱ्यावर शूटिंग बघायला गेलो होतो, तेवढाच माझा आणि समुद्राचा संबंध. आणि आजी निघाली अस्सल मालवणची.

"अगो बाय! मालवणात खंय?"

"स्टँडच्या मागे."

"आमचां घर थंयच आसा! कोणाचे तुमी?"

मला खोकला आला. असा काही खोकलो की आजी घाबरली आणि एकदाचा चहा हातात आला. मी आपला खूश. वाटलं, सुटलो.

मग तिने मागच्या रांगेकडे बघितलं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक मुलगी काम करत होती. "ही कोणाची? आपल्या बिल्डिंगमधली नाय वाटत."

ती माझी मुलगी. आठ वर्षांची, महापालिकेच्या शाळेत तिसरीत. तिची आई मॉलमध्ये बिलिंगला, तिला रविवारी सुट्टी नाही. म्हणून मुलगी माझ्याबरोबर यायची. गेटवरच मी तिला सांगून ठेवलं होतं, "इथे पप्पा नाही म्हणायचं. सर म्हणायचं." शिस्त असते, असं म्हटलं होतं.

"शेजाऱ्यांची आहे," मी आजीला म्हणालो.

मुलीने मान वर केली नाही. तिला ऐकू गेलं होतं. ते कान माझ्याच घरचे. मला कळतं.

खोकल्याचा किस्सा मी दहा ठिकाणी रंगवून सांगितलाय. ह्या दोन शब्दांचा अजून कुणाला सांगितला नव्हता.

तर, शिकवायचो काय? ह्या वयात पोरांना कोड टाइप करायला लावत नाहीत. स्क्रीनवर रंगीत ठोकळे असतात, ते एकमेकांत अडकवायचे. एक ठोकळा लावला की मांजर दहा पावलं चालतं, दुसरा लावला की बोलतं. एका ठोकळ्यावर लिहिलेलं असतं, 'विचारा आणि थांबा'. मांजर प्रश्न विचारतं. तुम्ही उत्तर टाइप करेपर्यंत पुढचं काहीच होत नाही. 'अमुक उत्तर आलं तर हे कर, नाहीतर ते कर' हेही पोरं शिकली. मी मोठ्या रुबाबात सांगायचो, "मांजराला घाई नसते रे. ते थांबतं."

शेवटच्या रविवारी पालकांसमोर कार्यक्रम होता. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर प्रत्येकाचं काम दाखवायचं. आजीने गुळाचं मालवणी खाजं आणलं होतं. एक पुडा वेगळा काढून टेबलावर ठेवला होता, "आपल्या मालवणच्या सरांका."

सगळ्यात शेवटी माझ्या मुलीचा नंबर. आरवने उत्साहाने स्क्रीनवरचा, सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला. टीव्हीवर मांजर आलं. विचारलं, "पूर्ण नाव काय?"

आरवने स्वतःचं, बाबांचं, आडनाव, सगळं टाकलं.

मांजर म्हणालं, "असं होय. बरं, बरं." आणि दहा पावलं मागे सरकलं.

हॉल हसला. मी नाही. घाटकोपरच्या बाईंची ही नक्कल मीच घरी करून दाखवायचो. बायको पोट धरून हसायची. मुलगी कधी हसली नव्हती, हे मला तिथे, त्या टीव्हीसमोर आठवलं.

"सर, आता तुम्ही!" पोरं ओरडली.

मी टाकलं. मालवणकर.

"असं होय. बरं, बरं." दहा पावलं मागे.

"सगळ्यांना हेच म्हणतं का गं?" मी विचारलं.

"नाही सर. एका आडनावाला वेगळं म्हणतं."

"कुठल्या?" आरवची आई म्हणाली.

मुलीने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "ते थांबतं, सर," ती म्हणाली. "त्याला घाई नसते."

तिने पुन्हा झेंडा दाबला. पूर्ण नाव काय? खाली रिकामी चौकट. अख्खा हॉल बघतोय. मांजर थांबलंय. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून पोट भरणारा मी, मला माझं स्वतःचं नाव टाइप करता येईना.

मग टाकलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. टीव्हीभर मोठ्या अक्षरांत.

मांजर मागे सरकलं नाही. म्हणालं, "या, बसा."

बस. एवढंच. आठ वर्षांच्या मुलीने जगाकडे एवढंच मागितलं होतं.

तुम्हालाही आता ते आडनाव हवं असेल. क्लासच्या पाटीवर आहे. येऊन वाचा.

"मी मालवणचा नाही," मी हॉलला सांगितलं. "मालवण मी पाहिलेलंही नाही. आणि ही शेजाऱ्यांची नाही. माझी मुलगी आहे."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "असं होय. बरं, बरं."

"आजी, तू मांजरासारखी बोललीस!" आरव टाळ्या वाजवत ओरडला.

कुणी हसलं नाही. खाज्याचा पुडा टेबलावरून उचलला गेला आणि पिशवीत गेला.

रस्त्याला लागल्यावर मी मुलीचा हात धरायला गेलो. तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी पकडले होते.

"रागावलीस?"

"नाही, सर."

गेट केव्हाच मागे पडलं होतं.

मंगळवारी पुढच्या बॅचबद्दल पालकांचे मेसेज आले. स्विमिंग.

असू दे. आता पाटीवर पूर्ण नाव आहे, 'कोडिंग'पेक्षा मोठ्या अक्षरांत. कुठल्याही टॉवरमध्ये गेलो की आधी फळ्यावर ते लिहितो, मग लॅपटॉप उघडतो. पोहायला जायचं असेल त्यांनी त्याच दिवशी जावं. मुलगी पहिल्या रांगेत बसते. जिथे ती मला पप्पा म्हणू शकत नाही, तिथे मी पाऊल ठेवणार नाही. अजूनही चिडली की ती मला सर म्हणते. म्हणू दे. ते मी शिकवलंय, ते मी ऐकून घेणार.

पण माझं पूर्ण नाव विचारून कुणाला थांबावं लागणार नाही.