ट्राय करतो

माझी आत्या धान्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून डाळी निवडते. उभा जन्म खडे वेचण्यात गेला, पण माणसांच्या बोलण्यातले खडे काही तिला दिसत नाहीत. कोणी गोड बोललं की हिने विश्वास ठेवलाच म्हणून समजा.

साठाव्या वाढदिवसाला तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, स्वतः फोन केला. आजीच्या आजारपणात बाबा नुसते फोनवरून सल्ले देत राहिले आणि सगळं आत्याने एकटीने निस्तरलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता. बाबा म्हणाले, "ट्राय करतो."

आता हा शब्द आपण कसा वापरतो ते काय सांगायचं? ज्याला यायचं नसतं तो "ट्राय करतो" म्हणतो आणि बोलावणारा मुकाट्याने एक माणूस कमी धरतो. त्यात बाबा तोंडाला पानं पुसण्यात पटाईत. आत्याने मात्र त्यांना धरूनच तांदूळ घेतले. मला तिचा रागच आला.

पाहुणे जेवून गेले. आत्या सारखी खिडकीत. तिचं मन रमावं म्हणून मी माझं शाळेतलं इंग्रजी पाजळलं. "आत्या, हा 'ट्राय' जुन्या फ्रेंचमधून आलाय. मुळात अर्थ तुझ्याच कामाचा. निवडणं, चांगलं-वाईट वेगळं करणं. पारखणं आणि प्रयत्न करणं हे नंतरचं."

"मग निवडत असेल," ती शांतपणे म्हणाली. "खडे जास्त असले की वेळ लागतो गं."

"तू पण ना, आत्या."

"काठी मारल्याने पाणी तुटत नाही, बाई."

दिवेलागणीला बेल वाजली. दारात बाबा, शर्ट घामाने भिजलेला.

"दोनदा तुझ्या स्टॉपवर उतरून परत गेलो," ते खाली बघत म्हणाले. "तोंड कसं दाखवू कळेना. आईचं सगळं तू एकटीने केलंस, आणि मी..."

"दादा, हात धुऊन घे. भात गरम करते."

तिने दोन ताटं घेतली. एक बाबांना वाढलं, दुसरं घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि भराभर जेवू लागली. सकाळपासून ती उपाशी होती, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.